शुभेच्छा दोन ओळी, सूचना पानभर

सणावाराला पुढाऱ्यांच्या शुभेच्छांची आपल्याकडे काही कमतरता नाही. नाक्यावर मान वर केली की हात जोडलेले साहेब दिसतात. त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात आमच्या भाच्याने अमेरिकेहून तिथल्या एका स्थानिक लोकप्रतिनिधीचे नाताळचे शुभेच्छापत्र मोबाइलवर पाठवले, तेव्हा आम्हाला नवल वाटले. शुभेच्छा दोनच ओळींच्या. फोटो अंगठ्याएवढा. बाकी सारे पान बर्फाच्या वादळात काय करावे याचे!

भाचा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरी शिकतो. पत्र त्याने आम्हाला मराठीत समजावून सांगितले. माणशी रोज चार लिटर, असे तीन दिवसांचे पाणी भरून ठेवा. न शिजवता खाता येईल असे अन्न, औषधे, टॉर्च आणि सेल जवळ ठेवा. नळ थेंबथेंब चालू ठेवा, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतो. गाडी बर्फात अडकली तर आधी तिची धुराची नळी मोकळी करा. आणि कोळशाची शेगडी बंद घरात पेटवू नका.

ही शेवटची सूचना तर आपल्यालाही लागू आहे. कडाक्याच्या थंडीत खोली बंद करून शेगडी पायाशी घेऊन झोपणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. कोळशाच्या त्या विषारी वायूला ना रंग ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. आयाबायांनो, एवढे तरी ध्यानात ठेवा.

बफेलोची माणसे असले पत्र हसण्यावारी नेत नाहीत, कारण २०२२ चा नाताळ ती विसरलेली नाहीत. २३ डिसेंबरला वादळ आले. सलग ३७ तास समोरचे काही दिसेना. विमानतळावर सव्वाचार फूट बर्फ पडला. रुग्णवाहिकाच बर्फात रुतल्या, मग रुग्णाकडे जाणार कोण? त्या परिसरात ४७ माणसे गेली. कोणी गाडीत, कोणी रस्त्यावर, कोणी गारठलेल्या घरात, कोणी फावड्याने बर्फ उपसताना छातीत कळ येऊन.

वादळ येणार हे आधी कितीतरी दिवस सांगितले जात होते. पण गाड्या बाहेर काढण्यावर बंदी आली ती त्या दिवशी सकाळी साडेनऊला, तीही तासाभराच्या आतल्या सूचनेवर. तोवर हातावर पोट असलेला माणूस कामावर पोचलाही होता. साहेब घरी बसू शकतात. ज्याचा खाडा म्हणजे पगाराला कात्री, त्याने काय करावे? बफेलो शहरात मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि शहरात त्यांची वस्ती साधारण एक तृतीयांश. त्यांच्या पूर्व भागात मोठी किराणा दुकाने आधीच कमी. त्यातल्याच एका दुकानात त्याच वर्षी मे महिन्यात एका वर्णद्वेष्ट्याने दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या होत्या. तीन दिवसांचे अन्न साठवा, हे सांगणे सोपे आहे हो!

त्या वादळात एका मेकॅनिकने मात्र कमाल केली. बर्फात अडकलेला हा गडी एका शाळेची काच फोडून आत शिरला, वीसेक अनोळखी माणसांना आत घेतले आणि जाताना काच फोडल्याबद्दल माफीची चिठ्ठी लिहून ठेवली. पोलिसांनी त्याला शोधून काढले, ते आभार मानायला.

आपल्या मुंबईत बर्फ नाही, पण २६ जुलै २००५ आम्ही पाहिला आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या दिवशीही कामकरी माणसे सकाळीच घराबाहेर पडली होती, आणि कोणी सावध केले नव्हते. बंद गाड्यांत माणसे तिथेही गेली, इथेही गेली.

म्हणून गेल्या पावसाळ्याआधी आमच्या वस्तीत फलक लावायला आलेल्या कार्यकर्त्याला आम्ही म्हटले, बाबा रे, खाली महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा नंबर तेवढा टाक. आणि पाणी भरले तर म्हातारीकोतारी कुठल्या शाळेत न्यायची, तेही लिही.

तो म्हणाला, "ताई, एवढे सगळे लिहिले तर साहेबांच्या फोटोला जागा कुठे राहील?"

मग वस्तीतल्या बायांनीच नळाशेजारच्या भिंतीवर तेलरंगाने नंबर लिहिला. शाळेची चावी कोणाकडे असते, तेही खाली लिहिले.