पेपर नसलेल्या दिवशी

भाऊबीज आली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचा मोसम सुरू होतो. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक. पण त्याआधीचा एक दिवस बाबांना फार जड जातो. लक्ष्मीपूजनाला छापखान्यांना सुट्टी, म्हणून दुसऱ्या दिवशी पेपर नाही.

त्या साली बाबा सवयीनं स्टँडवर गेले आणि रिकाम्या हातानं परतले. मग शिळाच पेपर पुन्हा उघडला. बातम्या चार, बाकी पानभर पुढाऱ्यांच्या शुभेच्छा. मतं घेऊन गेल्यावर जे गावाकडं फिरकले नव्हते, तेसुद्धा हात जोडून उभे.

"याईले दिवारीतच आपन आठवतो," आई म्हणाली.

टीव्हीवर मुंबईची रोषणाई चालली होती. इकडं आभाळ काळं झालेलं आणि कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच पसरलेल्या. बाबा चॅनल बदलत राहिले. पाऊस कुठंच नव्हता.

तेवढ्यात मंडईच्या नाटकाचा प्रचार करणारा ऑटो आला. भोंग्यावर नाटकाचं नाव झालं, तिकिटाचे दर झाले, मुंबईहून येणाऱ्या नटीचं कौतुक झालं. आणि त्याच सुरात तो म्हणाला, "साकोलीकडं पानी आला जी! कडपा उचला!"

बघतो तर त्याचा सदरा ओलाचिंब.

टीव्ही तसाच चालू टाकून आम्ही सगळे बांधीकडं पळालो. अंधार पडता पडता पुंजणं झालं, त्यावर ताडपत्री बसली, आणि मग कोसळला.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. बाबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला : 'जिल्ह्यात पावसाची शक्यता.'