सोलापूर रोड, ताशी बेचाळीस

मोटार रॅली म्हटलं की धुरळा उडवत सुटलेल्या गाड्या आणि घसरत घेतलेली वळणं डोळ्यांपुढं येतात. आमची रॅली त्या जातीची नाही. ही वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालण्याची स्पर्धा आहे. आयोजक प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून देतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४२, गावातून जाताना २४. मग वाटेत कुठंतरी, आधी न सांगता, घड्याळ घेऊन बसतात. उशिरा पोचलात तर मिनिटाला एक गुण दंड, लवकर पोचलात तर दोन. घाई करणाऱ्याला दुप्पट दंड, हा नियम मला मनापासून पटतो.

हैदराबादेतली आम्ही काही मराठी कुटुंबं जानेवारीत शनिवार-रविवार गाठून अशी रॅली करतो. गाड्या घरच्याच, रोज ऑफिसला आणि भाजीला जाणाऱ्या. यंदा रस्ता ठरला सोलापूर रोड, हैदराबाद ते नळदुर्ग. गाडी चालवायला माझी नणंद, शेजारी नॅव्हिगेटर म्हणून मी. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे कळलं तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले. "आपला रस्ता आहे तो," म्हणाले. "सावकाश जा आणि नीट बघून या."

अण्णा मूळ उमरग्याचे. १९५३ साली कॉलेजसाठी याच रस्त्यानं बसमधून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली होती. पुढं तिच्यातूनच आंध्रचं एस. टी. महामंडळ उभं राहिलं. अण्णा आले तेव्हा उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद हे सगळं एकाच हैदराबाद राज्यातलं, तेव्हाच्या भाषेत हैदराबाद स्टेटमधलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. उमरगा मुंबई राज्यात गेलं, हुमनाबाद म्हैसुरात, झहीराबाद आंध्रात. रस्ता होता तिथंच राहिला. पुणे, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत मच्छलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत जाणारा हा नऊ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. आता त्याचा नंबर ६५ आहे, पण आमच्या घरात अजून कुणी तसं म्हणत नाही.

शहराची गर्दी टाळायला सुरुवात संगारेड्डीच्या पुढून ठेवली होती. तिथवर मोकळं जायचं. पटनचेरूला डाव्या-उजव्या हाताला आता कारखाने आणि इमारतींची रांग लागली आहे, पण तिथंच इक्रिसॅटची विस्तीर्ण शेतं अजून आहेत. १९७२ साली, महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला त्याच वर्षी, ही आंतरराष्ट्रीय संस्था इथं स्थापन झाली. कमी पावसाच्या मुलखात ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग कसा टिकवायचा, हा तिचा विषय. संस्थेची जागा बरोबर निवडली आहे असं मला दर वेळी वाटतं. इथून पश्चिमेला सोलापूरपर्यंत सगळा पावसाच्या भरवशावरचा माळ. वाळवंट नाही, पण पावसानं एक वर्ष दगा दिला की वाळवंटाला जवळचा.

झेंडा दाखवून एका मिनिटाच्या अंतरानं एकेक गाडी सोडली. हातात रोडबुक पडलं ते त्याच वेळी. रोडबुकाच्या पानावर तीन रकाने असतात. पहिल्यात सुरुवातीपासूनचं अंतर, दुसऱ्यात मागच्या खुणेपासूनचं, तिसऱ्यात छोटं रेखाचित्र. काळा ठिपका म्हणजे तुम्ही, बाण म्हणजे जायची दिशा. गावाचं नाव लिहिलेलं नसतं. "पिंपळाचा पार, उजवीकडे" किंवा "नाल्यावर फरशी पूल" एवढंच. पहिले दहा किलोमीटर आपल्या गाडीचं मीटर आयोजकांच्या मीटरशी ताडून बघायला दिलेले असतात. त्यांच्या दहा किलोमीटरला आमचं मीटर १०.२ दाखवत होतं. तो दोन टक्क्यांचा फरक मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिला, आणि दोन दिवस सगळे आकडे त्यातून काढून घेतले.

ताशी ४२ म्हणजे मिनिटाला ७०० मीटर. २४ म्हणजे मिनिटाला ४००. हे दोन आकडे मनात बसले की बाकीचं गणित पुढं आपोआप होत जातं.

"वहिनी, किती?"

"बारा सेकंद पुढं आहोत. सोड थोडं."

ती ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची आणि आम्ही दोघी पुढच्या खुणेसाठी रस्त्याच्या कडेला बघू लागायचो. इतक्या वर्षांत या रस्त्यानं शंभराच्या वेगानं कितीदा गेलो असू. सदाशिवपेठच्या पुढं काळी जमीन संपून लाल माती कुठं लागते, हे मात्र मी पहिल्यांदा बघितलं. झहीराबाद-बीदरकडचा तो जांभ्या दगडाचा पट्टा. चौपदरी रस्त्यावरून तो नुसता रंग बदलल्यासारखा वाटतो. जुन्या रस्त्यानं गेलं की घरांच्या भिंतीही त्याच दगडाच्या दिसतात, आणि विहिरीचा काठसुद्धा.

रॅलीचा मार्ग मुद्दाम जुन्या रस्त्याचे तुकडे जोडून आखला होता. महामार्ग वळण घेऊन गावाबाहेरून गेला तिथं आम्ही गावातून जायचं. झहीराबादच्या बाजारात चहाला थांबायची मुभा होती. टपरीवाल्यानं रोडबुक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "मेडम, इत्ता आहिस्ता कायकू जारे? कुच गुम गया क्या?" नणंदेनं त्याला ठिपका आणि बाण समजावून सांगितला, तसा त्यानं खाली वाकून पुढच्या चित्रातला पूल ओळखला, आणि कुठल्या हाताला पाणी असतं तेही सांगितलं.

तेलुगू पाट्या संपून कानडी पाट्या सुरू होतात. लोकांची बोली मात्र पाट्यांना जुमानत नाही. उमरग्यापर्यंत दख्खनी उर्दू सगळीकडे चालते. हुमनाबादला आम्हाला उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकून पडावं लागलं. चालकानं हात करून वाट दिली ती "या ताई, या, बरी हाय" असं मराठी-कानडीच्या मधलं काहीतरी म्हणत.

हुमनाबादजवळच संत माणिकप्रभूंचं माणिकनगर. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, समाधी १८६५ ची. मराठी, कानडी, हिंदी अशा भाषांतून त्यांनी पदं रचली आणि सगळ्या मतांना सामावून घेणारा सकलमत संप्रदाय स्थापला. निजामाच्या राज्यात, तीन भाषांच्या तिठ्यावर, हा विचार उगवला यात मला फार मोठा अर्थ दिसतो. दुपारी घड्याळं थांबवून सगळ्यांनी तिथं दर्शन घेतलं आणि प्रसादाच्या पंगतीत बसून जेवलो.

पुढं सस्तापूर बंगला. इथून बसवकल्याणला फाटा जातो. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर यानं राजधानी कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, आणली. विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' याच राजधानीत लिहिली. एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा दावा कोर्टात उभा राहिला की वकील आजही या ग्रंथाचं नाव घेतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांचं मुख्य कार्य इथलंच. मार्ग आखताना या गावाला वेळ काढला नाही ही आयोजकांची चूक आहे असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. बसवकल्याणला स्वतंत्र दिवस हवा.

हुमनाबादच्या जवळच राजेश्वर हे छोटं गाव लागतं. १९४८ च्या सप्टेंबरात या गावापाशी लढाई झाली होती. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य निजामाचं संस्थान भारतात सामील करून घ्यायला सोलापूरहून याच रस्त्यानं निघालं. राजेश्वरच्या वाटेवर विमानांनी मारा केला, पुढं झहीराबादकडं सुरुंगांनी वेग कमी झाला. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली आणि १८ ला चौधरी हैदराबादेत पोचले. सोलापूर ते हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, आणि त्याला सहा दिवस.

अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. सैन्य उमरग्यात आलं तेव्हा त्यांच्या आईनं दारात पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या होत्या, हे त्यांना लख्ख आठवतं. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं आधीचे महिने कसे काढले तेही ते सांगतात. आणि त्यानंतरचंही सांगतात. धाराशिव, बीदर, गुलबर्गा, नांदेड या भागांत त्या आठवड्यांत कितीतरी निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं फिरून त्याचा अहवाल दिला होता. अण्णांच्या वडिलांनी शेजारच्या विणकर कुटुंबाला कित्येक दिवस आपल्या माडीवर ठेवून घेतलं होतं. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो तो आनंदानंच करावा. त्याबरोबर हेही मुलांना सांगितलं पाहिजे, असं मला वाटतं.

रात्री मुक्काम उमरग्याला, अण्णांच्या चुलतभावाच्या शेतावर. आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात हिरवी कणसं खुपसायची, राखेसकट काढायची आणि तळहातावर चोळायची. फुंकर मारली की भुसा उडतो आणि हातात गरम, हिरवे, दुधाळ दाणे राहतात. सोबत शेंगाची चटणी आणि दही. हैदराबादेत जन्मलेल्या आमच्या मुलांच्या तळहातांना पहिल्यांदा चटके बसले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं पिशवीत हुरडा भरून मागत होती.

रविवारचा टप्पा छोटा, नळदुर्गपर्यंत. ज्वारी कमरेच्या वर आलेली, मधेच करडईचा काटेरी पट्टा, लांबवर एकही डोंगर नाही. असा माळ कंटाळवाणा असतो असं म्हणणाऱ्यांनी तो एकदा मिनिटाला ७०० मीटरनं बघावा.

नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल आला तेव्हा आम्ही चार सेकंद मागं होतो. हाच तो पूल. १९४८ च्या त्या पहाटे तो भारतीय सैन्याच्या हाती शाबूत लागला. टी. टी. मूर नावाचा हैदराबाद सैन्यातला इंग्रज अधिकारी स्फोटकांनी भरलेली जीप घेऊन तो उडवायला निघाला होता आणि वाटेतच पकडला गेला. तो काही तास आधी पोचला असता तर सैन्य इथं अडकून पडलं असतं, आणि पुढं काय झालं असतं ते सांगता येत नाही.

किल्ल्यात आम्ही रॅलीपेक्षा जास्त वेळ घालवला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. दगडी जिन्यानं खाली उतरायचं, आणि भिंतीच्या आतल्या त्या महालात उभं राहायचं. एका बाजूला अडवलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि खाली दरी. पावसाळ्यात नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी खिडकीसमोरून कोसळतं. जानेवारीत ते कोरडे असतात, पण मला तेच बरं वाटलं, कारण दगडांचे सांधे हात लावून बघता आले. चारशे वर्षांनंतरही दोन दगडांच्या मधे नख शिरत नाही. कोरड्या मुलखात पाणी साठवणाऱ्या माणसानं ते साठवताना त्यात बसायची जागाही केली, याचं मला अजून नवल वाटतं.

१८५३ साली निजामानं इंग्रजांना तोडून दिलेल्या मुलखात नळदुर्गही होतं. १८६० ला ते परत मिळालं. मधल्या काळात 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर इथला कारभार बघत होता.

रस्ता रुंद झाला याचं मला वाईट वाटत नाही. उमरग्याच्या आजारी माणसाला काही तासांत हैदराबादच्या दवाखान्यात नेता येतं, आणि ते फार मोलाचं आहे. पण जुन्या रस्त्याचे जे तुकडे गावांतून, नाल्यांवरून उरले आहेत ते तीनही राज्यांनी नकाशावर ठेवावेत, त्यावरचे दगडी पूल दुरुस्त ठेवावेत, आणि कडेची चिंच-कडुनिंबाची झाडं तोडू नयेत. एका वळणावर चुन्याचे थर चढलेला मैलाचा दगड आम्हाला दिसला. त्याच्यावर उर्दू आकडे अजून लागत होते. पुढच्या रुंदीकरणात तो खडीखाली जाईल. तो उचलून जवळच्या शाळेच्या आवारात लावायला फारसा खर्च येणार नाही. आम्ही त्याची जागा मीटरच्या आकड्यासह लिहून घेतली आहे आणि तिथल्या ग्रामपंचायतीला पत्र पाठवलं आहे.

आम्ही चौथ्या आलो. घरी आल्यावर अण्णांनी रोडबुक मागून घेतलं आणि भिंग लावून दोन दिवस वाचलं. पेन्सिलीनं प्रत्येक चित्राशेजारी त्यांनी जुनी खूण लिहिली. इथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, इथं बस पाणी प्यायला थांबायची, ही विहीर गोड्या पाण्याची. आयोजकांना मी ती पानं दाखवली. पुढच्या वर्षीचं रोडबुक बीदर-उदगीर-नांदेड रस्त्याचं आहे, आणि ते छापण्याआधी त्या भागातून आलेल्या वयस्कर माणसांकडं एकेक प्रत पेन्सिलीसकट द्यायचं आता ठरलं आहे. माझ्या वाट्याला काचीगुड्यातली तीन घरं आली आहेत.