काय दिसलं ते सांग

कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक काळी दुर्बीण असते. कार्ल झाइस येना, जेनॉप्टेम, ८×३०. कडेकडेचा काळा रंग घासून आतला धातू दिसायला लागलाय. ही दुर्बीण मी विकत घेतलेली नाही. सोलापुरात आमच्या वाड्यात राहणाऱ्या काकांनी ती मला दिली, आणि एकदा नाही, दोनदा दिली. दुसऱ्यांदा दिली ती मी तिचं नुकसान करून वर खोटं बोलल्यानंतर. त्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

काका तरुणपणी शिकारी होते. परवाना काढून काळवीट, ससे, तित्तर मारायचे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांनी बंदूक खाली ठेवली ती कायमची. शिकारीच्या दिवसांतली ७×५०ची एक जड दुर्बीणही त्यांनी तेव्हाच देऊन टाकली. शिकाऱ्याला तसलीच का लागते, हे त्यांनी मला अंगणात कागदावर आकडे मांडून समजावलं होतं. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले मोठं दिसण्याची पट, म्हणजे डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. पन्नास भागिले सात, सात मिलिमीटरच्या वर. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. जनावर बाहेर पडतं ते दिवेलागणीला, म्हणून शिकाऱ्याला शेवटचा उजेड लागतो. तीस भागिले आठ मात्र पावणेचारच. "ही दुर्बीण दिवसाची आहे," काका म्हणायचे, "पण हिच्यात माळ केवढा मावतो बघ." खरंच हजार मीटरवर दीडशे मीटर रुंदीचा माळ एका नजरेत यायचा.

१९८१ साली मी कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो. घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं आणि माझंही कुणाशी बोलायला तोंड नव्हतं. एका रविवारी पहाटे काकांनी हाक मारली, "चल, नान्नजला जाऊन येऊ." बार्शी रस्त्याला नान्नज आहे. तिथल्या माळासाठी १९७९ साली माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं होतं. मला त्याचा पत्ताच नव्हता. माझ्या लेखी ते पडीक रान होतं.

काकांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि आधी ती डोळ्यांना लावायला शिकवलं. दोन्ही नळ्या मधल्या सांध्यावर दुमडत जायचं, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लख्ख दिसेल असं करायचं. मग डावा मिटायचा आणि फक्त उजव्या नळीचं डोळ्याजवळचं कडं फिरवायचं. मला धीर नव्हता. मी चाक भराभरा फिरवत होतो, आणि तेवढ्यात आकाशात एक पक्षी दिसला.

"शिक्रा!" मी ओरडलो. शाळेतल्या पुस्तकातलं तेवढं एकच नाव मला येत होतं.

"नाव राहू दे. काय दिसलं ते सांग."

मला सांगता येईना. काकांनीच विचारलं, तो उडत पुढे जात होता, की हवेत एका जागी पंख फडफडवत थांबला होता? थांबला होता. शेपटी मिटलेली, की पंख्यासारखी उघडलेली? उघडलेली. मग ती खरूची. शिक्रा असा हवेत थांबत नाही. काका माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि मला लिहायला लावलं: किती वाजता, कुठे, काय करत होता, आणि सगळ्यात शेवटी नाव. नावाची खात्री नसेल तर ती जागा कोरी. कोरी जागा ठेवायला मला फार जड गेलं. तोवरच्या आयुष्यात येत नसलेल्या उत्तरांच्या जागी मी काहीतरी ठोकून देतच आलो होतो.

तीन वर्षं आम्ही जात राहिलो. उन्हातान्हात बाभळीखाली बसून राहायचं. धाविक पळतापळता एकदम थांबतो, डोंबारी चंडोल वर जाऊन कोलांट्या मारल्यासारखा खाली झेपावतो, हे मी तिथे पाहिलं. पुढे एका सरकारी कचेरीत नोकरी लागली तेव्हा साहेबांनी हाती ठेवलेली कामाची वही मी पहिल्या दिवसापासून नीट भरत गेलो. ती सवय कुठून आली हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं.

१९८४च्या पावसाळ्यात काकांना ताप होता. दुर्बीण मागून घेऊन मी एकटाच गेलो. पाऊस पडून माळ हिरवा झाला होता. हा माळढोकाच्या विणीचा काळ. नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर घेऊन घुमतो, तो आवाज लांबवर जातो. त्या दिवशी आवाज नव्हता, पण कुसळीच्या गवतात अंदाजे चारशे मीटरवर एक मादी दिसली. राखी मान, काळी टोपी. इतकी वर्षं तिच्या नावानं तो माळ ओळखला जायचा आणि मला ती आज प्रथम एकट्याला दिसत होती.

मला आणखी जवळून पाहायची होती. वाकून चालू लागलो, मग ती चालायला लागली तसा उठून पळालो. बैलगाडीच्या जुन्या चाकोरीत पाय अडकला आणि मी आडवा झालो. दुर्बीण मुरमावर आपटली. मादी उडून गेली.

डोळ्यांना दुर्बीण लावली तर एका बाभळीच्या दोन बाभळी दिसत होत्या. मी घरी आलो, दुर्बीण पुसून कातड्याच्या पेटीत ठेवली आणि काकांच्या उशाशी ठेवून म्हणालो, "आज काहीच दिसलं नाही."

काकांनी त्यावर काही विचारलं नाही. दीडेक महिन्यानं बोलावलं. दुर्बीण मुंबईला एका कारागिराकडून दुरुस्त होऊन आली होती. आत काय असतं ते त्यांनी मला सांगितलं. दोन्ही नळ्यांत काचेचे लोलक असतात. प्रकाश त्यांत वळणं घेत जातो, म्हणून उलटी दिसणारी प्रतिमा सुलटी होते. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि १८९४मध्ये येनाच्या झाइस कारखान्यानं तशा दुर्बिणी विकायला काढल्या. लोलक जागचा जरा जरी सरकला तरी दोन नळ्या दोन दिशांना पाहायला लागतात. समोरच्या भिंगाची विकेंद्री कडी केसाएवढी फिरवत फिरवत त्या पुन्हा एका रेषेत आणाव्या लागतात. हे सगळं बोलताना माझ्या पडण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दुर्बीण माझ्या हातात दिली. "बघ, बाहेरचा पिंपळ एकच दिसतो का?"

एकच दिसला. मी तिथेच रडायला लागलो आणि सगळं सांगून टाकलं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती सरळ पुढे चालली होती, की फिरून फिरून एकाच जागी येत होती?"

मी आठवून पाहिलं. पळायच्या आधी, दुर्बिणीत, ती दोनदा एकाच झुडपाशी आली होती. मी ते पाहिलं होतं आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. माळढोकाची मादी जमिनीवरच अंडं घालते, आणि बहुतेक वेळा एकच. तिथे अंडं होतं की नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. वहीत त्या तारखेला मी नंतर सगळं लिहिलं, पडलो तेही आणि खोटं बोललो तेही. शेवटची जागा कोरी आहे.

काकांनी दुर्बीण परत घेतली नाही. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले. मी फार आढेवेढे घेतले. ती ठेवून घेण्याची माझी लायकी नव्हती, आणि हे त्यांनाही ठाऊक असणारच.

पुढे बदली होऊन मी तीन वर्षं रत्नागिरीत होतो. तिथल्या पावसाळ्यात दुर्बीण कातड्याच्या पेटीत बंद ठेवली, ही माझी दुसरी चूक. कातडं ओल धरतं. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली. बहुतेक साफ झाली, डाव्या नळीत कडेला एक पुंजका काचेला धरून राहिला. तेव्हापासून डबा आणि पुड्या. अलीकडे मुलीनं ८×४२ची नवी दुर्बीण आणून दिली. सरळ नळीची, आत नायट्रोजन भरलेली. पावसात भिजली तरी चालते, दोन मीटरवरचं फुलपाखरूही स्पष्ट दाखवते. नवी सर्वच बाबतींत चांगली आहे आणि मी ती आनंदानं वापरतो. पण नान्नजला जाताना जुनीही गळ्यात असते.

काकांबरोबर शेवटचा गेलो तेव्हा त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेलेला होता. ऑपरेशननं सुधारण्यातलं ते नव्हतं. हात धरून त्यांना बाभळीखाली बसवलं. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. काळवीट, सात. दोन नर, एकाचं शिंग मोडलेलं. टिटवी ओरडतेय पण दिसत नाही.

"ढोक?"

"नाही, काका."

"अजून बघ."

नान्नजला माळढोक दिसणं तोवर दुर्मीळ झालं होतं. आता तर देशात उरलेल्या दीडशेच्या आतल्या पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. लांब गवतात एक राखी आकृती हलली तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. ‘दिसला’ म्हणालो असतो तर त्या म्हातारपणी काकांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी दुर्बीण स्थिर धरली, श्वास रोखला. काळविटाची मादी होती.

"हरणी आहे," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. दिवस मावळला तरी आम्ही बसून राहिलो. पावणेचार मिलिमीटरच्या झोतात गवत आणि आभाळ एक व्हायला लागलं, तेव्हा मी म्हणालो, "आता नीट दिसत नाही."

"तसंच लिही," काका म्हणाले.

वहीत माझ्या अक्षरात आहे: ६.४०. उजेड गेला. माळढोक दिसला नाही.