चार कमावते, एकच खुंटी

घरात कमावती माणसं जास्त असली की आपण निर्धास्त असतो. पण ती सगळी एकाच खुंटीला टांगलेली असतील तर? मंदी आली म्हणून बेकारी सगळ्या गावांत सारखी येत नाही. कुठे कोणते धंदे आहेत, त्यावर ते ठरतं. हे मला माहेरच्या घराकडे बघून कळलं.

माझं माहेर शहाबादजवळचं, सासर भालकीचं. वडील आणि थोरला भाऊ फरशीच्या खाणीवर, मधला सिमेंटची पोती वाहणाऱ्या ट्रकवर, धाकटा पुण्यात सेंट्रिंगच्या कामाला. "चौघं कमावतात, तीन धंदे आहेत," असं आई कौतुकानं सांगायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बांधकामं थांबली आणि चौघंही एकदमच घरी बसले. शहाबादी फरशी काय नि वाडी-सेडमचं सिमेंट काय, दोन्ही इथल्याच चुनखडीतून निघतात आणि दोन्हीचं गिऱ्हाईक एकच, घर बांधणारा. त्यानं हात आखडला की खाणीपासून पुण्यापर्यंत सगळं थांबतं.

माझी नणंद कलबुर्गीत कन्नड घरात दिली आहे. तिचे यजमान डाळ मिलमध्ये हिशेब लिहितात. या जिल्ह्याला कन्नडमध्ये 'तोगरी कणज' म्हणतात, म्हणजे तुरीची कणगी. डाळ जीवनावश्यक, म्हणून मिलला मुभा होती आणि त्यांचा पगार चालू राहिला. तुरीलाही पावसाचा नि भावाचा फटका बसतोच, पण तो फरशीच्या फटक्याबरोबरच येईल असं नाही.

माहेरची चूल त्या उन्हाळ्यात रोजगार हमीच्या मजुरीवर पेटली. ही योजना फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या २०० जिल्ह्यांत बिदर आणि त्या वेळचं गुलबर्गा होतं. तिनं जगवलं खरं, पण तळ्याची माती उपसून पोरांच्या फिया भरल्या जात नाहीत.

आता थोरल्याचा मुलगा दहावी झालाय. वहिनी म्हणते, "पुण्याला काकाकडे पाठवू, लगेच पैसा येईल." मी म्हणते, आयटीआयला फिटर होऊ द्या. फिटर सिमेंटला लागतो, तसाच डाळ मिलला आणि आमच्याकडच्या साखर कारखान्यालाही लागतो. दोन वर्षं कमाई नाही, हे वहिनीचं म्हणणंही खोटं नाही. म्हणून त्या दोन वर्षांच्या खर्चातला वाटा उचलायचं आम्ही भालकीकरांनी ठरवलंय.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातले कमावते मोजताना त्यांची खुंटी एकच तर नाही ना, एवढं जरूर बघा.