गोगलगायीची नेमणूक

निळी खडी, प्लास्टिकचा किल्ला आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी बाहेर काढली, की दोन फुटी टँक भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखा दिसतो. मासे बादलीत, त्यांच्याच जुन्या पाण्यात, जरा रुसलेले. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुवायचा नाही. दिसतो कळकट, पण टँकमधली सगळ्यात जुनी वस्ती तिथंच आहे. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यात नांदतात, आणि त्यांना क्लोरीन सोसत नाही.

तळाशी चाळलेली बागेची माती, इंचभर. वर तेवढीच जाडसर वाळू. माशांच्या पाण्यात माती, म्हणून घरातले नाकं मुरडतात, मुरडोत. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९च्या पुस्तकात हाच साधा मार्ग मांडला: कुंडीतली माती, खिडकीचा उजेड, सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडची गरज नाही. खर्च कमी, धीर जास्त. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाण्याची धार धरायची, म्हणजे तळ ढवळत नाही.

मग झाडं. हायड्रिला तर आपली शाळासोबतीण. चंचुपात्र, उलटं नरसाळं आणि परीक्षानळीत चढणारे ऑक्सिजनचे बुडबुडे कोण विसरेल? जावा फर्नचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, म्हणून ते दोऱ्यानं दगडाला बांधायचं. क्रिप्टोकोरीन मोठं मानी. जागा बदलली की सगळी पानं विरघळवून टाकतं. नवशिका ते उपटून फेकतो. मुळं मात्र जिवंत असतात आणि काही आठवड्यांनी नव्या पाण्याला साजेशी नवी पानं येतात. आपल्या साताऱ्याच्या सड्यावरचा वायतुराही पाणवनस्पतीच, पण त्याला तिथंच पावसाळी डबक्यात राहू द्यावं. काचेत आणायचा मोह होणाऱ्यांची मला भीती वाटते.

या सगळ्याला आज ‘प्लांटेड टँक’ म्हणून नव्या हौसेचा मान आहे. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं पाण्याखालची अरण्यं उभी केली. लिस्बनच्या मत्स्यालयातलं त्याचं चाळीस मीटर लांबीचं काम २०१५मध्ये खुलं झालं. पण ही हौस नवी नाही. १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ठेवलं. मासे आणि झाड एकमेकांना जगवतात का, हे त्याला पाहायचं होतं. जगवत होते, पण गळलेली पानं सडून पाणी गढूळ होऊ लागलं. तेव्हा त्यानं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. सडकं त्यांनी खाल्लं, पाणी निवळलं. म्हणजे घरातलं मत्स्यालय जन्मलं तेच हिरवं. किल्ले आपण नंतर बांधले.

पहिले काही आठवडे शेवाळाचे. काचेवर तपकिरी थर चढतो, पानांवर केसाळ धागे. दिवा दिवसभर लावणाऱ्यांना ते सोडत नाही. सहा-सात तास पुरे. हवेचा पंप दिवसा बंद ठेवावा, कारण तो झाडांच्या वाट्याचा कार्बन डायऑक्साइड उडवून लावतो. रात्री झाडंही श्वास घेतात, मासेही घेतात, तेव्हा तो चालू असलेला बरा. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड वासून दिसले, तर टँकमध्ये गर्दी झाली आहे असं समजावं.

एकदा झाडांनी जोर धरला, की कात्री हातात येते ती येतेच. शेंडे छाटून पुन्हा रोवायचे, उरलेल्यांचं करायचं काय, हा खरा प्रश्न. नदीत सोडायचे नाहीत. जलपर्णीही आपल्याकडे शोभेची म्हणूनच आली होती. आमच्याकडे ते शेंडे आणि टँकमधून काढलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जातं. कढीपत्ता आता छताला टेकायला आला आहे, आणि शेजारच्या काकू टँककडे ढुंकूनही न पाहता फोडणीपुरता तेवढा तोडून नेतात.