आयव्ही लीगचा येता हंगाम

आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांपैकीं येत्या हंगामांत बास्केटबॉलचें अजिंक्यपद कोणास लाभेल, याचें भाकीत जाणकारांनीं करावें. मज अध्यापकाची चिंता निराळी आहे. हीं विद्यापीठें केवळ खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत; खेळाडूंस थेट पैसे देण्याची जी मुभा २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें मिळाली, तीहि त्यांनीं नाकारली. २०२४ च्या मार्चमध्यें येलनें बलाढ्य ऑबर्नला ७८-७६ असें नमविलें, आणि कांहीं आठवड्यांतच त्या संघांतील डॅनी वुल्फनें मिशिगनची वाट धरली. घडविलेला शिष्य दुसऱ्याच्या अंगणांत तळपावा, हें शल्य गुरुजनांस परिचित आहे. तथापि २०२३ सालीं प्रिन्स्टननें ॲरिझोनास हरविलें, तें अशी शिष्यवृत्ति नसलेल्या विद्यार्थ्यांच्याच बळावर. म्हणून यंदा विजेत्यांच्या आधीं मी मागें राहिलेल्यांचीं नांवें वाचणार आहें.