गालबोट

आजी म्हणायची, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून देवानेच तीट लावून पाठवलंय. आपण तीट लावतो ती काजळाच्या बोटाने. देवाने अख्खा तळवाच टेकवला होता. डाव्या डोळ्याखालून कानशिलापर्यंत, निळसर-राखाडी, शाई सांडून पुसल्यासारखा. शेजारणींचा प्रश्न वेगळा असायचा : "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का गं?" आई उत्तर द्यायची नाही. ती फक्त माझ्या डाव्या अंगाला उभी राहायची. एसटीत, बाजारात, लग्नाच्या फोटोत. सगळ्यांच्याच आया डावीकडून चालतात, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

गालबोट हा शब्द मोठा विलक्षण आहे. लावतात रक्षणासाठी, पण समारंभाला लागलं, की विघ्न ठरतं. मी दोन्ही अर्थ एकाच गालावर वागवत होते.

वयात आल्यावर डाग गडद झाला. बघायला आलेल्यांनी तो 'समजून घेतला' आणि पुन्हा फिरकले नाहीत. ज्याने खरंच समजून घेतला त्याच्याशी लग्न झालं, तर ऑफिसातल्या एका बाईंनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" डोळ्याखालचा निळा डाग म्हणजे त्यांना नवऱ्याचा हात वाटला होता. त्या रात्री ठरवलं, आता काहीतरी करायचं.

पहिल्या दवाखान्यात घाई होती. चार महिन्यांत डाग जाईल म्हणाले. डाग राहिला, वर पांढरे ठिपके आले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्या ठिपक्यांना वर्षभर विसावा दिला आणि मग एक वाक्य सांगितलं, जे मी अजून विसरलेले नाही : "तुमचा डाग निळा नाहीच."

रंगद्रव्य तपकिरीच, बाकीच्या त्वचेत असतं तेच मेलॅनिन. फक्त ते जिथे असायला हवं त्याच्या खाली, आतल्या थरात अडकलेलं. तिथून परतणारा उजेड निळा होऊन येतो, आभाळासारखा. याला 'नीव्हस ऑफ ओटा' म्हणतात. १९३९ साली त्याचं वर्णन करणारे मासाओ ओटा हे जपानी त्वचारोगतज्ज्ञ किनोशिता मोकुतारो या नावाने कविताही लिहीत. मला उगाच बरं वाटलं.

अडचण डागाची नव्हती, गालाची होती. लेझरचा उजेड मेलॅनिन शोधत जातो; पण सावळ्या कातडीत ते त्याला दारातच भेटतं. तिथेच तो थबकला तर कातडी भाजते, पांढरी पडते किंवा आणखी काळी होते. त्वचेचे प्रकार पाडणारी फिट्झपॅट्रिक यांची १९७५ची मोजपट्टीसुद्धा आधी गोऱ्यांपुरतीच होती. आपले रंग तिला मागाहून जोडले गेले. आमच्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा, लांब लहरींचा उजेड बरा. तो वरच्या तपकिरीला फारसा न छेडता आत उतरतो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागात खालचे कण फोडतो. फुटलेला चुरा शरीर आपला आपण उचलून नेतं. त्याला महिने लागतात.

म्हणून आधी कानाजवळ, केसांत झाकेल अशा जागी चाचणीचा एक ठिपका. मग तासभर बधिर करणारं मलम, डोळ्यांवर झाकणं आणि टिक-टिक आवाज. ताणलेला रबरबँड गालावर फटकन सोडावा, तशी प्रत्येक टिक. जळक्या केसांचा वास. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. अधल्यामधल्या काळात सनस्क्रीन, स्कार्फ आणि आरशाकडे रोज न बघण्याची शिस्त. नऊ बैठका, अडीच वर्षं. डाग एका दिवशी गेला नाही. एका दिवशी लक्षात आलं की कुणी विचारत नाही.

डोळ्याच्या पांढऱ्यात मात्र निळसर झाक आहे. तिथे हे लेझर चालत नाही. काचबिंदूचा धोका असतो, म्हणून दरवर्षी डोळ्यांचा दाब तपासून घेते.

परवा भाचीच्या लग्नात फोटोग्राफरने सगळ्यांना जवळ बोलावलं. आईला आता चेहरे धूसर दिसतात. "आजी, तुम्ही मधे बसा," तो खुर्ची सरकवत म्हणाला. आई काठी टेकत उठली, खुर्चीला वळसा घालून आली आणि माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली.